डबीवरची मिनिटे आणि माठातले पाणी

राजगडाच्या वाटेवर गेल्या काही वर्षांत एक जुने दृश्य नव्याने दिसू लागले आहे. गुंजवण्याहून चोर दरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीवर येणाऱ्या तरुणांत एखाद्याच्या गळ्यात आजोबांच्या कपाटातून निघालेला, चामडी वेष्टणातला यांत्रिक कॅमेरा असतो. खिशात मोबाईल आहे, त्यातही कॅमेरा आहे. तरीही हा तरुण कृष्णधवल फिल्मचा रोल घालून ३६ चित्रे मोजूनमापून घेतो आणि घरी परतल्यावर तो रोल स्वतःच्या हाताने धुतो. हे कौतुकास्पदच आहे. पण अशा चार-सहा जणांच्या निगेटिव्ह उजेडासमोर धरून पाहिल्या, तर एकच तक्रार ऐकू येते. उन्हाळ्यातला रोल कोळशासारखा काळा होतो आणि पावसाळ्यातला राखेसारखा फिका. मग दोष कधी फिल्मला दिला जातो, कधी कॅमेऱ्याला, तर कधी नशिबाला. ‘डबीवर लिहिली होती तेवढीच मिनिटे दिली,’ असे उत्तर ते अगदी प्रामाणिकपणे देतात. चूक नेमकी तेथेच झालेली असते.

डबीवरची मिनिटे खोटी नसतात. परंतु ती दुसऱ्या कोणाच्या तरी पाण्यात आणि दुसऱ्या कोणाच्या तरी उजेडासाठी ठरलेली असतात. भोर-वेल्ह्यातील माणसाने आपली मिनिटे आपणच शोधावी लागतात. हे सांगताना आपण काही नवे शास्त्र सांगतो आहोत, असा प्रस्तुत लेखकाचा दावा नाही. याच मावळ्यांच्या मुलखातील प्रत्येक स्वयंपाकघरात हे शास्त्र रोज पाळले जाते. भोरचा आंबेमोहर वा इंद्रायणी तांदूळ नवा असेल तर पाणी कमी, जुना असेल तर जास्त, हे घरातल्या गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. तांदळाच्या पोत्यावर पाण्याचे माप छापलेले असते, तरी तिने ते डोळे मिटून मानले नसते. पहिल्या दिवशी भात चिकट झाला, तर दुसऱ्या दिवशी ती पाणी कमी करते. फिल्मच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणूस छापील आकड्यापुढे हात जोडून उभा राहतो, आणि भात रोज बिघडला तरी आकडा बदलत नाही.

वेळेने नेमके काय घडते?

फिल्मवर जिलेटिनचा एक पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. कॅमेऱ्याचे झडप क्षणभर उघडले की ज्या कणांवर पुरेसा उजेड पडला त्यांच्यात एक अदृश्य बदल होतो. हा बदल डोळ्यांना दिसत नाही. तो दृश्य करणे हे डेव्हलपरचे काम. उजेड लागलेल्या कणांचे रूपांतर तो काळ्या धातुरूप चांदीत करतो. शालेय रसायनशास्त्रातील क्षपणाची क्रिया ती हीच. सर्वांत प्रसिद्ध डेव्हलपर म्हणजे कोडॅक कंपनीचा, १९२७ साली प्रसिद्ध झालेला डी-७६. त्याचे घटक गुप्त नाहीत. एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि आपला ओळखीचा टाकणखार २ ग्रॅम. शंभर वर्षे होत आली, तरी जगभर हे मिश्रण वापरले जाते.

आता मुख्य मुद्दा. डेव्हलपरमध्ये फिल्म जितका वेळ राहील तितकी सगळीच निगेटिव्ह सारख्या प्रमाणात काळी होत जाते, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. दृश्यातील सावलीच्या भागांवर मुळात थोडेच कण जागे झालेले असतात. त्यांचे काम लवकर आटोपते. उन्हातल्या भागांवर, म्हणजे पांढऱ्या भिंती, आकाश, धोतर-पागोटे अशा ठिकाणी, जागे झालेले कण असंख्य असतात आणि तेथे चांदी साठतच जाते. म्हणून वेळ वाढविली की सावली फारशी बदलत नाही, पण उजेड वाढत जातो आणि दोहोंतील अंतर रुंदावते. वेळ कमी केली की ते अंतर आखडते. थोडक्यात, सावलीचे भवितव्य झडप उघडते त्या क्षणी ठरते. उजेडाचे भवितव्य डेव्हलपरमधील मिनिटे ठरवितात.

हे प्रथम मापून दाखविले ते फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या जोडीने, १८९० साली. फिल्मवरील काळेपणा आणि उजेडाचे लॉगॅरिथम यांचा आलेख काढला तर मधला बराच भाग सरळ रेषेत येतो, आणि डेव्हलपिंगची वेळ बदलली की त्या रेषेचा चढ बदलतो, हे त्यांनी सिद्ध केले. लॉगॅरिथमची कोष्टके घोकताना ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास दाखवावे असे हे उदाहरण आहे.

२० अंशांचा पाहुणा

फिल्मच्या डबीवर किंवा तिच्यासोबतच्या तक्त्यात मिनिटांशेजारी एक आकडा हमखास असतो: २० अंश सेल्सिअस. युरोपातील प्रयोगशाळेत हे तपमान सहज राखता येते. आपल्याकडे ते पाहुण्यासारखे येते. मे महिन्यात भोर शहरातील एका गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीचे पाणी प्रस्तुत लेखकाने दुपारी तीन वाजता मोजले, तेव्हा पारा ३३ अंशांवर होता. उलट डिसेंबरच्या पहाटे वेल्ह्याकडच्या एका घरात बादलीतले पाणी १५ अंशांवर आलेले पाहिले आहे. एकाच नळाखाली वर्षभरात १८ अंशांचा फरक!

या फरकाची किंमत किती? इल्फर्ड कंपनीच्या एचपी-५ प्लस या लोकप्रिय फिल्मला, डी-७६ सारख्याच आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, २० अंशांवर साडेसात मिनिटे सांगितलेली आहेत. पाणी २४ अंशांचे असेल तर तेच काम सव्वापाच मिनिटांत होते. हाच हिशेब पुढे नेला तर ३० अंशांवर जेमतेम तीन मिनिटे उरतात. आणि पाच मिनिटांहून कमी वेळ दिल्यास द्रावण फिल्मवर सारखे पसरण्याआधीच काम उरकते व आकाशात डाग आणि पट्टे उमटतात. शिवाय कोमट पाण्यात जिलेटिन फुगते, मऊ पडते. अशी फिल्म पुढे एकदम थंड पाण्यात गेली तर तिच्यावर सुरकुत्यांचे जाळे येते, ते जन्मभर जात नाही. थंडीतही सुटका नाही. १२-१३ अंशांच्या खाली हायड्रोक्विनोन जवळजवळ निष्क्रिय होते, आणि घड्याळाकडे पाहत बसलेल्या माणसाच्या हाती अर्धकच्ची निगेटिव्ह येते.

यावर उपाय घरातच आहे. ज्या दिवशी टाकीतले पाणी ३३ अंशांवर होते, त्याच दिवशी स्वयंपाकघरातील माठातले पाणी २४ अंशांवर होते. बाष्पीभवनाने पाणी थंड होते हे शाळेत शिकवितो. पण त्याच पाण्यात डेव्हलपर कालवावा हे सुचत नाही. दुसरा उपाय डेव्हलपर समभाग पाण्याने पातळ करण्याचा. एचपी-५ प्लसची साडेसात मिनिटे तेव्हा २० अंशांवर १३ होतात आणि २४ अंशांवर सुमारे नऊ. नऊ मिनिटांत पाच-दहा सेकंदांची चूक झाली तरी निभावते. तीन मिनिटांत ती निभावत नाही. उष्ण मुलखातील माणसाने पातळ डेव्हलपर आणि २४ अंश ही जोडी धरावी आणि डेव्हलपर, हायपो व धुण्याचे पाणी ही सर्व एकाच तपमानावर ठेवावीत. वीस अंशांच्या मागे बर्फ घेऊन धावण्यापेक्षा, वर्षभर सांभाळता येईल असे तपमान निवडणे शहाणपणाचे.

एकाच मुलखात दोन उजेड

तपमानाचा हिशेब तक्त्यावरून तरी करता येतो. उजेडाचा हिशेब कोणत्याही तक्त्यात सापडत नाही, आणि भोर-वेल्ह्याइतका चंचल उजेड क्वचितच कोठे असेल. राजगडाची संजीवनी माची मे महिन्याच्या दुपारी पाहावी. काळा बेसाल्ट, त्यावर तिरपी सावली, दुहेरी तटबंदीच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत जवळजवळ अंधार, आणि माथ्यावर पांढरेफेक आकाश. सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भागांत शेकडो पटींचा फरक. तीच माची जुलैत ढगात बुडाली की तट राखी, दरी राखी, आकाशही राखी. सगळा फरक आठ-दहा पटींच्या पलीकडे जात नाही. मढे घाटाच्या तोंडाशी वा रायरेश्वराच्या पठारावर पावसाळ्यात हाच अनुभव येतो.

हे दोन्ही रोल तितकीच मिनिटे धुतले तर काय होणार, हे आता सांगावयास नको. मे महिन्यातील आकाश कागदावर चुनकळीसारखे कोरे उमटेल आणि जुलैतील तटबंदी चिखलासारखी. उन्हाच्या रोलला झडप थोडे अधिक उघडून सावली जपावी आणि डेव्हलपरमध्ये वेळ १५-२० टक्क्यांनी कमी करावा. धुक्याच्या रोलला वेळ २०-२५ टक्क्यांनी वाढवावा. अमेरिकेत अँसेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास या विचाराला पद्धतीचे रूप दिले आणि दृश्यातील उजेडाची पायरीवार वाटणी करून दाखविली. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांसाठी त्यांनी ठरविलेले आकडे आपल्याला उपयोगी नाहीत, पण त्यांची शोधण्याची रीत उपयोगी आहे. एका रोलमध्ये उन्हाची दहा आणि धुक्याची दहा चित्रे मिसळू नयेत, हा तिचा पहिला व्यावहारिक नियम. ३६ चित्रांच्या रोलचा मोह आवरून, एक रोल एका उजेडाला द्यावा.

एक न परतणारी दुपार

ही सगळी सावधगिरी प्रस्तुत लेखकाला उपजत नव्हती. ती एका चुकीतून आली, आणि त्या चुकीची भरपाई आजतागायत झालेली नाही.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आजोळची वाडी धरणाच्या पाण्यात जाणार हे ठरले होते. या दोन तालुक्यांत अशा वाड्यांची कमतरता नाही. येथील नद्यांनी दूरच्या शेतांना आणि पुण्याच्या नळांना पाणी पुरविले, आणि त्यापायी खोऱ्यांतील गावठाणे तळाशी गेली. ग्रामदैवताचा अखेरचा उत्सव मे महिन्यात भरला. वाडीतली यच्चयावत माणसे देवळासमोर बसली: म्हातारे धोतर-पागोट्यात, बाया पदर सारखा करून, पोरे पुढच्या रांगेत. देवळाची भिंत नुकतीच चुन्याने रंगविलेली. दुपारचे ऊन. मोठ्या हौसेने घेतलेल्या कॅमेऱ्यात उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात बनलेला ‘इंदू’ रोल होता. एका पाठोपाठ एक अशी बारा चित्रे घेतली.

त्याच रात्री, अंधार पडण्याची वाट पाहून, मोरीच्या दाराला घोंगडी लावून रोल धुतला. मिनिटे छापील तक्त्याप्रमाणे दिली. एक सेकंद इकडे की तिकडे नाही. पाण्याचे तपमान मोजले नाही, कारण तापमापक नव्हता, आणि त्याची गरज आहे असेही वाटले नव्हते. उन्हाने दिवसभर तापलेल्या हंड्यातले पाणी होते. दिवा लावून पाहिले तेव्हा फिल्मचा निम्मा भाग डांबरासारखा काळा होता. छापून पाहिले तर देऊळ आणि आकाश यांत सीमारेषा उरली नव्हती. म्हाताऱ्यांची पागोटी, धोतरे आणि मागची भिंत यांचा मिळून एकच पांढरा ढग झाला होता. उन्हाकडे तोंड करून बसलेल्या माणसांचे चेहरे त्या ढगात विरून गेले. सर्वांत मऊ दर्जाचा ब्रोमाइड कागद वापरून काही चेहरे परत आणता आले. बरेचसे आले नाहीत.

पुढच्या वर्षी वाडीत पाणी शिरले. माणसे तीन-चार ठिकाणी विखुरली. त्या चित्रांत आपल्या वडिलांचा चेहरा शोधायला आजही कोणी येतो, तेव्हा त्याला मागच्या रांगेतील एक पांढरा ठिपका दाखवावा लागतो. फिल्म उत्तम होती, कॅमेरा ठीक होता, तक्ताही खोटा नव्हता. तपमान विचारण्याची बुद्धी तेवढी झाली नाही. आठ आण्याच्या वहीत आदल्या महिन्यात दोन रोलांची परीक्षा करून नोंद ठेवली असती, तर ती दुपार वाचली असती.

डोळ्यांकडून घड्याळाकडे

या कलेच्या आरंभीच्या काळात ही अडचण वेगळ्या रीतीने सुटत असे. त्या वेळची फिल्म आणि काचा तांबड्या उजेडाला दाद देत नसत. लाल दिव्याखाली चित्र उमटताना पाहत पाहत कारागीर हात आवरता घेई. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून चलच्चित्राची विद्या आणि सामग्री घेऊन परतले. तेव्हा फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे मुंबईतील त्यांच्या राहत्या घरातच चालत, आणि त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. मुंबईच्या दमट उकाड्यात आणि पेटीयंत्रांचा सुकाळ नसलेल्या त्या दिवसांत एका मराठी घराने हे काम निभावले, ते डोळ्यांवर आणि रोजच्या सवयीवर विसंबून. वाटाण्याच्या वेलाची वाढ दिवसामागून दिवस टिपून त्यांनी आधी एक छोटी फिल्म तयार केली होती, हे आपण कौतुकाने सांगतो. पण प्रत्यक्ष कामाआधी लहान परीक्षा घेऊन पाहण्याची वृत्ती त्यात होती, हे आपण विसरतो.

पुढे सर्व रंगांना दाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली आणि लाल दिवा विझला. बंद टाकीत, संपूर्ण अंधारात काय चालले आहे हे पाहण्याचा मार्ग उरला नाही. डोळ्यांची जागा घड्याळाने आणि तापमापकाने घेतली. ही प्रगतीच आहे. पण तिच्याबरोबर एक आळसही आला. डोळ्यांनी पाहणारा माणूस प्रत्येक वेळी निर्णय घेत असे. घड्याळ पाहणारा दुसऱ्याच्या निर्णयाची अंमलबजावणी करतो. उटकमंडचा तो सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि १९६७ पासून त्यातून माल बाहेर पडू लागला. आज तो बंद आहे. आता आपल्या हाती येते ती बहुतेक परदेशी फिल्म, आणि मोबाईलच्या पडद्यावर दिसणारे कोष्टकही परक्या मुलखाचेच. म्हणून स्वतः पडताळून पाहण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

आपली मिनिटे कशी शोधावीत?

रीत सोपी आहे. काळा दगड, पांढरी भिंत आणि सावलीचा कोपरा एकत्र येईल असे एखादे ठिकाण निवडावे. गावातील कोणतेही जुने देऊळ वा वाडा चालेल. भोरकरांना तर राजवाड्याची दर्शनी बाजूच उपलब्ध आहे. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, ढग आड येत नाहीत असे पाहून, एकाच उघडझापीत सबंध रोल त्याच दृश्यावर दहा मिनिटांत संपवावा. अंधाऱ्या खोलीत वा काळ्या कापडी पिशवीत हात घालून रोलचे तीन तुकडे करावेत. पहिल्या तुकड्याला छापील तक्त्यावरून आपल्या तपमानास येतील तेवढी मिनिटे द्यावीत, दुसऱ्याला त्याहून पाचवा हिस्सा कमी, तिसऱ्याला पाचवा हिस्सा अधिक. उदाहरणार्थ नऊ, सात आणि अकरा. प्रत्येक वेळी डेव्हलपर ताजा, तपमान तेच, आणि टाकी हलविण्याची पद्धतही तीच: मिनिटाच्या आरंभी दहा सेकंद, अधिक नाही, उणे नाही. हलविणे वाढले तरी चित्र कडक होते. पुष्कळांच्या चुका या हाताच्या अस्वस्थपणातून झालेल्या असतात.

तिन्ही तुकडे वाळल्यावर आधी सावलीचा कोपरा पाहावा. तेथे काहीच नसेल तर दोष मिनिटांचा नाही, कॅमेऱ्यातील उजेडाचा आहे. ती उणीव वेळ वाढवून भरून येत नाही. सावली ठीक असेल तर पांढऱ्या भिंतीकडे वळावे. ज्यांच्याकडे एन्लार्जर आहे त्यांनी फिल्मची कोरी कड कागदावर पूर्ण काळी होण्यास लागणारा कमीत कमी वेळ काढावा आणि तेवढ्याच वेळात, एकाच दर्जाच्या कागदावर, तिन्ही तुकडे छापावेत. ज्या छपाईत चुन्याच्या गिलाव्याचा खरखरीतपणा दिसेल आणि तरी भिंत पांढरी वाटेल, ती मिनिटे आपली. एन्लार्जर नसेल तर जुन्या छायाचित्रकारांचा एक ठोकताळा आहे. निगेटिव्ह छापील वर्तमानपत्रावर ठेवावी. तिच्या सर्वांत काळ्या भागातून अक्षरे जेमतेम वाचता यावीत. मुळीच दिसत नसतील तर वेळ जास्त झाला, लख्ख दिसत असतील तर कमी पडला.

हे एकदा झाले की काम संपले असे नाही. पाणी बदलते. पश्चिमेकडील पावसाचे पाणी मृदू, तर कूपनलिकेचे क्षारयुक्त. जड पाण्यात द्रावण गढूळ होते आणि वाळलेल्या फिल्मवर पांढरे डाग राहतात. म्हणून पावसाचे गाळलेले किंवा उकळून निवविलेले पाणी वापरावे. तापमापकही आपापसांत भांडतात. शक्यतो एकच वापरावा आणि त्याच्याशीच इमान राखावे.

शाळांना एक सूचना

या दोन तालुक्यांतील माध्यमिक शाळांनी आणि महाविद्यालयांनी एक साधी वही सुरू करावी, अशी सूचना येथे कराविशी वाटते. तिला ‘मिनिटांची वही’ म्हणावे. रकाने सहाच: दिनांक, ठिकाण व उजेड, फिल्म, पाण्याचे तपमान, दिलेली मिनिटे, आणि निकाल. एक बंद टाकी, एक काळी पिशवी, एक तापमापक आणि थोडी रसायने एवढ्यात काम होते. स्वतंत्र अंधारखोलीही लागत नाही. मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज सुटते म्हणून हातमोजे घालावेत, आणि वापरलेला हायपो चांदी धरून ठेवतो म्हणून तो ओढ्यात न ओतता साठवावा, एवढी दक्षता शिक्षकांनी घ्यावी. प्रकाश, क्षपण, बाष्पीभवन, लॉगॅरिथम आणि आपल्या गावचे हवामान हे पाच धडे एका रोलमध्ये येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, छापील आकडा पडताळता येतो आणि चुकीची नोंद ही लाजेची नव्हे तर उपयोगाची गोष्ट असते, हे विद्यार्थ्यास हाताने कळते.

मोबाईलच्या काळात हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मोबाईलमध्येही चित्राचा उजेड आणि सावली कोणीतरी ठरवितच असते. तेथे फक्त तो ठरविणारा दिसत नाही आणि त्याला बदल सांगण्याची सोय थोडकी असते. शिवाय नीट धुतलेली, हायपो पूर्ण निघून गेलेली, कोरड्या कागदी पाकिटात ठेवलेली निगेटिव्ह वीज वा यंत्र नसताही दोन पिढ्यांनंतर उजेडासमोर धरून वाचता येते. या मुलखातील घरोघरी ट्रंकांतून अशा पट्ट्या पडून आहेत. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांवर बुरशी चढण्याआधी त्या बाहेर काढाव्यात. फार काळ्या झालेल्याही टाकू नयेत. छपाईच्या कागदाला जे चेहरे परत आणता आले नाहीत, त्यांपैकी काही आजची स्कॅनिंगची यंत्रे आणू शकतात. प्रस्तुत लेखक आपल्या त्या बारा चित्रांवर अजून आशा ठेवून आहे.

भाटघरच्या जलाशयातील पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस उतरते, तेव्हा कांबरेश्वराचे देऊळ वर येते आणि पावसाबरोबर पुन्हा खाली जाते. वर्षातून थोडेच दिवस ते उघडे असते. ऊन तेव्हा कडक असते आणि घरातले पाणी गरम. पुढच्या मे महिन्यात जो कोणी तेथे कॅमेरा घेऊन जाईल, त्याने त्याआधी एप्रिलमध्ये एक रोल परीक्षेसाठी खर्च करावा, माठातले पाणी मोजावे आणि वहीत आकडा लिहावा.